लाकडी धनुष्यासाठी बँडसॉ: मशीन कोणतं, ब्लेड कोणतं, तपासायचं काय

बँडसॉ म्हणजे दोन चाकांवर फिरणाऱ्या पट्टीसारख्या ब्लेडनं लाकूड कापणारं मशीन. त्याचा दुकानदार तीन आकडे पुढे करतो: चाक किती इंची, मोटर किती हॉर्सपॉवरची आणि किती जाड लाकूड कापतं. फर्निचरवाल्याला तेवढं पुरतं. धनुष्य बनवणाऱ्याचं लाकूड मात्र सहा फूट लांब, दोन इंच रुंद आणि शेवटी वाकणारं असतं. कपाटाची फळी एका कडेला अर्धा मिलिमीटर पातळ झाली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. धनुष्याचा बाहू, म्हणजे मुठीच्या दोन्हीकडचा वाकणारा भाग, तेवढ्यानं पीळ खातो. म्हणून ताकदीच्या मागे न लागता सरळ आणि काटकोनात कापणारं मशीन शोधायचं. आणि त्याच्याही आधी आपल्याला धनुष्य कसलं करायचंय ते ठरवायचं.

आधी धनुष्य, मग मशीन

तयार फळीतून केलेलं साधं धनुष्य सुमारे 180 सेंमी लांब असतं. मुठीपासून बाहूच्या मध्यापर्यंत रुंदी 38 ते 45 मिमी, टोकाशी 12 ते 13. यात बँडसॉला कामं दोनच: वरून रुंदीचा उतार कापायचा आणि फळी कडेवर उभी करून जाडीचा. फळी उभी केली तरी ब्लेडसमोर येणारी उंची बाहूच्या रुंदीएवढी, म्हणजे फार तर 45 मिमी. मुठीला जादा ठोकळा चिकटवला तरी 50 च्या आसपास. या कामाला टेबलावर ठेवायचं नऊ किंवा दहा इंची मशीन पुरतं. ते साधारण 80 ते 100 मिमी जाड लाकूड कापतं आणि त्याची मोटर 250 ते 350 वॉटची असते. पहिली दोन-चार धनुष्यं फळीचीच करणार असाल तर याहून मोठ्या मशीनवर पैसे घालू नका.

ओंडका पाचरी मारून फोडायचा आणि त्या फोडीतून धनुष्य काढायचं असेल तर हिशोब बदलतो. 20 सेंमी व्यासाचा ओंडका चार भागांत फोडला की प्रत्येक फोड गाभ्यापासून सालीपर्यंत 10 सेंमी आणि आडवी त्याहून जास्त भरते. ती सरळही नसते. इथे 150 मिमी उंची कापणारं चौदा इंची मशीन सोयीचं पडतं. दुसरा मार्गही आहे: कुऱ्हाड आणि वाकस घेऊन फोड आधी 60–65 मिमीपर्यंत उतरवायची आणि मग लहान मशीनवर घ्यायची. वर्षाला दोन-तीनच धनुष्यं करणाऱ्यानं हाच मार्ग धरावा. मशीनच्या किमतीतल्या फरकात चांगलं वाकस, दोन रंधे आणि वर्षभराची ब्लेडं येतात.

तिसरा प्रकार पातळ पट्ट्या चिकटवून केलेल्या धनुष्याचा, पाठीला, म्हणजे नेमबाजापासून लांबच्या बाजूला, बांबू लावतात तोही यातच. पट्टी 45–50 मिमी रुंद असते, म्हणजे उंचीचा प्रश्न इथेही येत नाही. प्रश्न आहे सलग पाऊण ते पावणेदोन मीटर चीर एकसारखी काढण्याचा. 350 वॉटची मोटर कठीण लाकडात मध्येच दमते, हात जोर लावतो आणि ब्लेड भरकटतं. या कामाला चौदा इंची मशीन आणि किमान एक हॉर्सपॉवर हवीच. बँडसॉचा खरा फायदाही इथेच दिसतो. 25 मिमी जाडीच्या फळीतून साडेचार मिमीच्या कच्च्या पट्ट्या काढायच्या आहेत असं धरा. बँडसॉची चीर दीड मिमी खाते, म्हणजे चार पट्ट्यांना साडेबावीस मिमी लागतात आणि थोडं लाकूड उरतंही. गोल करवतीची चीर तीन मिमीची, तिच्यावर त्याच फळीतून तीनच पट्ट्या निघतात.

चाकाचा आकडा काय सांगतो

चौदा इंची चाक म्हणजे ब्लेड आणि मागच्या खांबामध्ये जवळपास तेवढंच अंतर. मोठ्या फळ्या आडव्या फिरवणाऱ्याला ते लागतं. धनुष्य लांबीच्या दिशेनं सरकतं, त्यामुळे नऊ इंची मशीनमधलं अंतरही आपल्याला भरपूर आहे. मोठ्या चाकाचा आपल्याला होणारा फायदा निराळाच. ब्लेड प्रत्येक फेरीत दोन चाकांवरून वाकतं आणि सरळ होतं. चाक लहान तेवढा वाक तीव्र, आणि तेवढं ब्लेड लवकर थकून तडकतं. नऊ-दहा इंची चाकावर अर्धा मिमीपेक्षा जाड ब्लेड चढवलं तर दाते धारदार असतानाच ते तुटतं. चौदा इंचीवर 0.6 मिमी जाडीचं ब्लेड निवांत चालतं, त्याला ताणही जास्त देता येतो आणि ताणलेलं ब्लेड सरळ कापतं.

मोटरचं थोडक्यात. एक हॉर्सपॉवर म्हणजे 746 वॉट. सुरू होताना मोटर नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, म्हणून मोठ्या पिनचा 16 अँपिअरचा सॉकेट आणि खरंखुरं अर्थिंग पाहिजे. कारखान्यातलं जुनं मशीन स्वस्तात मिळालं तर मोटर बहुधा थ्री-फेज निघते. नेमप्लेटवर 230/415 असं असेल तर डेल्टा जोडणी करून घरच्या सिंगल-फेजवर व्हीएफडीनं (सिंगल-फेजचं थ्री-फेज करून देणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्यानं) ती चालवता येते. नुसतं 415 असेल तर मोटर बदलण्याचा खर्च आधीच किमतीत धरा.

जागेचा हिशोब

मशीन दोन फुटांत मावतं, धनुष्य मावत नाही. टोकाकडून मुठीकडे कापायला सुरुवात केली की ब्लेडच्या अलीकडे 1.8 मीटर जागा लागते. एक बाहू झाल्यावर लाकूड उलटं करून पुन्हा टोकापासूनच यायचं, त्यामुळे पलीकडे 0.9 मीटर पुरते. अख्ख्या लांबीच्या पट्ट्या काढायच्या तर मात्र पलीकडेही 1.8 मीटर लागतील. फ्लॅटमध्ये मशीन चाकांच्या चौकटीवर ठेवून दाराच्या रेषेत आणणं हा सोपा इलाज. लांब टोक लोंबायला लागलं की लाकूड टेबलावरून उचललं जातं आणि चीर वाकडी होते, म्हणून पलीकडे रोलरचा स्टँड ठेवा. त्याची उंची टेबलापेक्षा एक-दोन मिमी कमीच असू द्या, नाहीतर लाकूड त्यालाच अडतं.

शेजाऱ्यांच्या दृष्टीनं बँडसॉ गोल करवतीपेक्षा बरा, आवाज कमी. बारीक धूळ मात्र घरभर उडते. भुसा ओढणारं नळकांडं जोडता येईल असं मशीन घ्या आणि वर एन-95 मास्क लावा.

ब्लेड: पैसे इथे घाला

नव्या मशीनसोबत आलेलं ब्लेड चाचणीपुरतं समजा. बजेटमधला पाचवा भाग ब्लेडांसाठी राखून ठेवा.

रुंदी ठरते वळणावरून. 6 मिमीचं ब्लेड सुमारे 16 मिमी त्रिज्येचं वळण घेतं, 10 मिमीचं 37 मिमी त्रिज्येचं, 13 मिमीचं 64 मिमी त्रिज्येचं. धनुष्यातलं सगळ्यात तीव्र वळण मुठीपाशी असतं आणि ते 10 मिमीच्या ब्लेडला जमतं. म्हणून एकच ब्लेड घ्यायचं तर 10 मिमी रुंद, इंचाला चार दात्यांचं, दात्यांमध्ये मोकळी जागा असलेलं. त्याला बाजारात ‘स्किप’ म्हणतात. नागमोडी रेषांच्या फोडीवर रेषेमागून जायचं तेव्हा 6 मिमीचं काढा. पट्ट्या काढायला चौदा इंचीवर 13 मिमी, इंचाला तीन दाते, पुढे झुकलेले ‘हुक’ दाते.

दाते जास्त म्हणजे काप चांगला, हा समज इथे नडतो. 45 मिमी उंचीच्या चिरेत इंचाला दहा दात्यांचं ब्लेड घातलं की दात्यांमधल्या खाचा भुशानं भरतात, ब्लेड तापतं आणि लाकडाच्या पोटात बाक काढतं. वर-खाली चीर रेघेवर आणि मध्ये फुगलेली, असा हा दोष असतो. दोन्ही कडा बरोबर दिसल्यानं तो लवकर सापडत नाही. ब्लेड बोथट असलं, ताण कमी पडला किंवा हातानं घाई केली तरी हेच होतं. पातळ लाकडात उलट नियम: निदान दोन-तीन दाते एका वेळी लाकडात हवेत, नाहीतर ब्लेड अडकून झटके देतं. चार-पाच मिमी जाडीच्या बांबूच्या पट्टीचा आकार कापायला इंचाला 14 दाते बरे. एवढे दाते नसतील तर पट्टी टाकाऊ फळीला दुहेरी टेपनं चिकटवून दोन्ही एकत्र कापा.

बांबूत वाळूचा अंश असतो, विशेषतः वरच्या चकचकीत सालीत. तो साध्या कार्बन स्टीलच्या ब्लेडची धार भराभर उतरवतो. चौदा इंची मशीन असेल तर बांबूसाठी बायमेटल ब्लेड (दात्यांची कड जास्त कठीण पोलादाची असलेलं) परवडतं. लहान चाकावर मात्र जाड बायमेटल लवकर तुटतं, तिथे स्वस्त कार्बन ब्लेडच घेऊन वेळेवर बदलत राहा. बांबू साल वर ठेवून कापायचा. दाते वरून खाली जातात, चिंध्या निघतात त्या खालच्या बाजूला. आणि धनुष्याच्या पाठीवर एक जरी तंतू उचकटला तरी तिथूनच ते फाटतं.

आपल्याकडे मोठ्या मशीनचं ब्लेड बऱ्याच ठिकाणी ‘पट्टा’ म्हणून गुंडाळीतून फुटावर मिळतं आणि तिथल्या तिथे जोडून देतात. लांबी आपणच काढून न्या: चाकाचा व्यास गुणिले 3.14, अधिक दोन्ही चाकांच्या केंद्रांमधल्या अंतराची दुप्पट. चाक 350 मिमी आणि अंतर 640 मिमी असेल तर सुमारे 2,380 मिमी. अंतर मोजताना वरचं चाक त्याच्या सरकण्याच्या मधोमध ठेवा, म्हणजे ताणायला आणि सैल करायला दोन्हीकडे वाव राहतो. जोड हातात घेऊन बघा: नखाला फुगवटा लागता कामा नये, मागची कड सरळ रेषेत हवी. जोड फुगीर असेल तर प्रत्येक फेरीला गाइडमधून (ब्लेडला बाजूंनी आणि मागून सरळ धरणाऱ्या भागांमधून) टक-टक आवाज येतो आणि चिरेवर समान अंतरानं ओरखडे उठतात. जोडाशेजारीच ब्लेड तुटत असेल तर वेल्डनंतर ते पुन्हा तापवून नरम केलेलं नाही, असं समजा. दुसरा जोडणारा शोधा.

विकत घेण्याआधी तपासणी

प्लग काढून वरचं चाक हातानं फिरवा. ते डुलत असेल किंवा धरून हलवल्यावर खडखडत असेल तर बेअरिंग गेलंय. ते बदलता येतं, किंमत पाडून घ्या. चाकावरचा रबर नखानं दाबा. कडक झालेला, भेगाळलेला रबर बदलावा लागेल. चाकच वाकलं असेल किंवा बिडाच्या अंगावर वेल्डिंगचा टाका दिसत असेल तर किंमत न विचारता परत फिरा. ताणाची स्प्रिंग पूर्ण दबून बसलेली असेल तर मालकानं जाड ब्लेड ओढूनताणून चालवलंय.

मग मशीन सुरू करून टेबलावर जाड नाणं कडेवर उभं करा. चांगल्या चौदा इंची बिडाच्या मशीनवर ते उभं राहतं. टेबलावर ठेवायच्या हलक्या मशीनकडून ही अपेक्षा नको, पण ते टेबलभर फिरत असेल तर चाकांचा तोल बिघडलेला आहे.

गाइड ब्लॉकचे की बेअरिंगचे, यावर लोक तासन्‌तास वाद घालतात. दोन्ही चालतात. बघायचं ते हे की वरच्या गाइडचा दांडा खालीवर केल्यावर गाइड ब्लेडपासून बाजूला सरकतात का. सरकत असतील तर दर वेळी उंची बदलली की गाइड पुन्हा लावत बसावं लागेल. स्थानिक बनावटीच्या काही मशीनवर खालचं चाक उघडंच असतं. फॅब्रिकेटरकडून पत्र्याची झाकणं करून घेतल्याशिवाय असं मशीन घरात चालवू नका. लहान मुलं असतील तर स्विचला कुलूपही हवं.

ओंडके चिरून देणाऱ्या सॉ मिलला वन खात्याचा परवाना लागतो. मोठं मशीन बसवून घरीच ओंडके चिरायचा विचार असेल तर आधी वन परिक्षेत्र कार्यालयात चौकशी करा. धनुष्यासाठी तसंही चिरलेल्यापेक्षा फोडलेलं लाकूड सरस, कारण पाचर रेषांमागून जाते आणि करवत रेषा तोडते.

काटकोन आणि एक अंश

मशीन घरी आलं की पहिलं काम ब्लेड आणि टेबल यांमधला कोन. गुण्या (काटकोन तपासायची पट्टी) टेबलावर ठेवून ब्लेडच्या सपाट अंगाला टेकवा. दात्यांना टेकवू नका. ते दोन्ही बाजूंना फाकवलेले असतात आणि खोटा कोन दाखवतात. टेबलाखालच्या आकड्यांच्या पट्टीवरही विसंबू नका.

हे इतकं का जपायचं? टेबल एक अंश कललं असेल तर 45 मिमी रुंदीच्या बाहूवर एका कडेला सुमारे 0.8 मिमी कमी जाडी येते. लाकडाचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. बारा मिमीच्या बाहूची एक कड 11.2 झाली की तिचा ताठपणा जवळपास 19 टक्क्यांनी उतरला. दोरी चढवल्यावर बाहू त्या बाजूला पीळ खाणार आणि दोष मात्र लाकडाला लागणार.

नंतर गाइड. बाजूचे गाइड दात्यांच्या खाचांच्या किंचित मागे ठेवा, ब्लेडशी कागदाच्या जाडीएवढी फट. मागचं बेअरिंग रिकाम्या चालीत ब्लेडला लागता कामा नये. लाकूड दाबल्यावरच ते फिरायला हवं. बाजूचे गाइड फार पुढे आले तर दात्यांना घासून त्यांची फाक मारतात, आणि नवं ब्लेड पहिल्याच दिवशी एका बाजूला ओढायला लागतं.

मशीन सरळ कापतं का ते बघायला अर्धा मीटर टाकाऊ फळीवर कडेला समांतर रेघ मारा आणि फेन्सशिवाय (लाकूड टेकवून सरकवायच्या सरळ पट्टीशिवाय), नुसत्या हातानं रेघेवर चालवा. मध्यावर थांबा, मशीन बंद करा, लाकूड जागचं हलवू नका. फळीची कड ज्या कोनात आहे त्याच कोनात फेन्स बांधा. कोन तीन-चार अंशांहून जास्त निघाला तर फेन्सशी खेळू नका. ब्लेड बोथट आहे, दाते एका बाजूला घासलेत किंवा ब्लेड चाकाच्या मधोमध चालत नाही.

कापताना

रुंदीचा आकार आधी, जाडी नंतर. रेघेच्या बाहेर रुंदीला तीन मिमी आणि जाडीला दोन ते तीन मिमी ठेवून कापा. ब्लेडच्या खुणा काढून टिलरिंगला, म्हणजे दोन्ही बाहू सारखे वाकेपर्यंत खरडायला, उतरायला एवढं लाकूड लागतंच. पुढचं सगळं काम रंधा, खरड कानस आणि स्क्रॅपरचं. बँडसॉनं रेघेला टेकून कापलेलं धनुष्य बहुधा ठरवल्यापेक्षा दहा-पंधरा पाउंड कमी ओढाचं (दोरी ओढायला कमी जोर लागणारं) निघतं. पाठीला ब्लेड लावायचंच नाही. जाडी काढताना कापायचं ते पोटाच्या, म्हणजे नेमबाजाकडच्या, बाजूनं.

फोडीचं लाकूड टेबलावर डुलतं आणि घरगुती कामातले बरेच अपघात इथेच होतात. ब्लेडच्या बरोबर खाली लाकूड टेबलाला टेकलेलं नसेल तर दाते ते खाली खेचतात, लाकूड आपटतं, ब्लेड पिळतं आणि बोट पुढे जातं. पोटाची बाजू आधी रंध्यानं सपाट करा, ती टेबलावर ठेवा, पाठ वर असू द्या आणि मगच आकार कापा. गोल फांदी थेट टेबलावर कधीच नाही. ती फळीवर स्क्रूनं पक्की करून फळी सरकवायची.

वरचा गाइड लाकडापासून पाच-सहा मिमीवर आणा. बोटं ब्लेडच्या रेषेत नकोत, 75 मिमीच्या आत तर नकोतच. शेवटचा भाग काठीनं ढकला. हातमोजे घालू नका. खोल चिरेतून मागे यायचं असेल तर आधी मशीन बंद करून ब्लेड थांबू द्या. चालत्या ब्लेडवर लाकूड मागे ओढलं तर ब्लेड चाकावरून उतरतं. मोठा ठप्प आवाज आला म्हणजे ब्लेड तुटलं: हात बाजूला घ्या, स्विच बंद करा आणि चाकं पूर्ण थांबेपर्यंत झाकण उघडू नका.

काम संपलं की ताण सैल करा. आठवडाभर ताणून ठेवलेल्या ब्लेडनं रबरावर खड्डा पडतो आणि पुढच्या वेळी चीर धडधडत निघते. मशीन सैल सोडलंय अशी चिठ्ठी स्विचवर चिकटवा, विशेषतः घरात ते चालवणारे एकाहून जास्त असतील तर.